पेटी, पाठ आणि पाठभेद

भारतीय प्रताधिकार कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाची आज्ञावली ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत आली. म्हणजे नाणे टाकून खेळायचा व्हिडिओ गेम हा कायद्याच्या लेखी वाङ्मयाचा भाग ठरला. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र याची फारशी दखल घेतलेली नाही. जुनी गेमची पेटी घरी आणून तिच्यात शेकडो खेळ बसवण्याचा छंद आज अनेकांना आहे. त्याकडे आम्ही पाठपरंपरेच्या इतिहासातील एक घटना म्हणून पाहू इच्छितो.

१९८० च्या ‘पॅकमॅन’ची पेटी एकाच खेळासाठी घडवलेली होती. तिची चित्रे, तिचा दांडा, सारे त्या एका कृतीचे. १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संघटनेने ‘जामा’ ही ५६ टोकांची प्रमाण जोडणी ठरवली. पेटी तीच ठेवून केवळ सर्किट बोर्ड बदलता येऊ लागला. पेटी बस्त्यासारखी झाली आणि पोथ्या बदलत राहिल्या. १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ आपल्याकडे ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला गेला. चार नायकांपैकी एकाचे नाव साऱ्या कृतीला मिळाले आणि मूळ शीर्षक कित्येक खेळाडूंना कधी कळलेच नाही. लोकपरंपरेत असेच घडते.

१९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. जुन्या यंत्राचे वर्तन ती नव्या संगणकावर हुबेहूब घडवते. घरगुती रूपांतर बहुधा तिच्यावरच उभे असते. बोर्डाच्या जागी छोटा संगणक येतो, दांडा आणि बटणे त्याला जोडली जातात. खरी अडचण पडद्याची असते. जुनी पिक्चर ट्यूब साधारण १५ किलोहर्ट्‌झवर चालते, संगणकाचा नेहमीचा संकेत ३१ चा असतो. ही तफावत मिटवण्यापेक्षा ट्यूब फेकून सपाट पडदा लावणे सोपे पडते. ऱ्हास नेमका इथे होतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. संपादकांनी नाकारलेले पाठही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. पेटीच्या बाबतीत आमचा आग्रह तोच आहे. लाकूड कापू नये, काढलेला बोर्ड नाव लिहून जपावा, नवी जोडणी जुन्या ‘जामा’ टोकांवरच करावी. मग मूळ पाठ केव्हाही परत बसवता येतो. त्या खेळांवरील प्रताधिकार बहुधा अजून जिवंत आहेत, याचेही भान हवे.

राजगुरुनगरचेच पाहा. खेडला हुतात्मा राजगुरूंचे नाव मिळाले, तालुका मात्र खेडच राहिला. नव्या नावाने जुने पुसले नाही. रूपांतर असे असावे.

तरीही ‘मेम’ला जे जपता येत नाही ते उरतेच: पार्लरमधली गर्दी, मागे उभ्या पोरांचे सल्ले, शेवटच्या नाण्याची घालमेल. महाराष्ट्र शासनाने या यंत्रांवर करमणूक शुल्क लावले, म्हणजे महसुलाला ती दिसली होती; वाङ्मयेतिहासाला दिसली नाहीत. चाकण-राजगुरुनगर पट्ट्यातील मराठीच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना एक प्रकल्प द्यावा. पार्लर चालवणाऱ्यांच्या आणि तिथे खेळणाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात. बोर्ड कपाटात वाट पाहू शकतो, माणसे तेवढी थांबणार नाहीत.