भिंतीवरून कागदावर: वारली चित्रांना सही कशी मिळाली

भाईंदर स्थानकातून डहाणू लोकल पकडली, की खाडीवरचा पूल ओलांडून गाडी उत्तरेकडे धावू लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर भाईंदर आणि डहाणू एकाच ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे हा धागा ज्यांच्याविषयी आहे, ते चित्रकार मीरा-भाईंदरकरांच्या अगदी घरचेच. तरीही वारली चित्रे आपण पाहतो ती चहाच्या कपावर, उशीच्या अभ्र्यावर, सोसायटीच्या कुंपणभिंतीवर, आणि बहुधा निनावी. या चित्रांखाली चित्रकाराची सही येण्याचा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे.

आधी भिंत पाहू. कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली, गेरूने रंगवलेली. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करायचे आणि रेखाटायचे. लग्न असेल तेव्हा सवासिनी ‘चौक’ लिहीत. मधोमध पालघट देवी, तिच्याभोवती नक्षीची चौकट, बाजूला झाडे, पशुपक्षी, वरात. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणे आणि देवी चौकात येई. चौकाविना लग्न नाही. मात्र लग्न उरकले, की त्या चित्राचे काम संपले. धुराने, पावसाने ते विरून जाई. ते जपायचे असते, असे कोणाच्या मनातही येत नसे. लिहिणारीचे नाव कोण कुठे नोंदवणार?

त्याच लग्नाचा दुसरा दस्तऐवज मात्र जपला जाई. लग्नासाठी सावकाराचे किंवा जमीनदाराचे कर्ज घ्यावे आणि ते फेडण्यासाठी त्याच्याकडे राबत राहावे, ही ‘लग्नगडी’ची वेठ डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात रूढ होती. १९४५च्या वारली उठावाने तिच्यावर घाव घातला; गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो काळ वाचायला मिळतो. वारल्यांच्या या चित्रकथेत कागद येतो, तेव्हा ही पार्श्वभूमी मनात असावी. या मुलखात कागद ही तोवर सावकाराची आणि सरकारची वस्तू होती.

आता थोडे दूर, बिहारमध्ये जाऊ, कारण आपल्या गोष्टीतला दुवा तिथे आहे. १९६६-६७च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मधुबनीला पाठवले. घराच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या तिथल्या स्त्रियांनी ती कागदावर काढावीत आणि त्यातून चार पैसे मिळावेत, हा हेतू. योजना फळली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली. भिंतीवर निनावी असलेल्या स्त्रिया कागदावर नावानिशी उभ्या राहिल्या.

हेच कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या आरंभी डहाणूच्या पाड्यांवर आले. तपकिरी कागद आणि पांढरा रंग त्यांनी इथेही वाटला. पण इथे ज्याचे नाव पुढे आले तो पुरुष होता: गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेल्यावर जिव्यांनी बोलणे टाकले होते आणि ते मातीत रेघोट्या काढूनच आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. लग्नकार्याची वाट न पाहता, रोज चित्र काढणारा हा माणूस होता. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे लागली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील गाजलेल्या प्रदर्शनात सहभाग, २०११ साली पद्मश्री. मे २०१८मध्ये ते निवर्तले.

माणूस तोच, उपाय तोच. मग एका ठिकाणी स्त्रिया पुढे आल्या आणि दुसऱ्या ठिकाणी पुरुष, हे कसे? दोन्हीकडची चित्रे लग्नाशी बांधलेली होती, तेव्हा केवळ विधीचे बंधन हे उत्तर पुरत नाही. माझ्या मते फरक व्यवस्थेत होता. मधुबनीत दुष्काळनिवारणाचे काम म्हणून स्त्रियांकडूनच चित्रे मागवली गेली. डहाणूत तशी योजना नव्हती. परक्याच्या हातून कागद घेण्यास सवासिनी बिचकत होत्या आणि एक विलक्षण प्रतिभेचा पुरुष समोर होता. बाजाराला नाव हवे होते, ते मिळाले. पुढे पोरे त्याच वाटेने गेली. जिव्यांची थोरवी यात तसूभरही कमी होत नाही. पण ‘वारली चित्रकलेचा शोध’ असे वाक्य वाचाल, तेव्हा कोणी, कोणाच्या घरात, कशाचा शोध लावला, हे अवश्य विचारा.

आता खुद्द चित्राकडे. चौकात देवी मध्यभागी असते आणि सारे जग तिच्याभोवती. कागदावर ते केंद्र सुटले. जिव्यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळेच कागदभर पसरते; रेघ इतकी बारीक, की जाळे वाऱ्याने हलल्यासारखे वाटावे. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी वेटोळे घेत जाते. लोककथा, शेतीची कामे, मुंग्यांची वारुळे, पुढे आगगाड्यादेखील: लग्नाच्या भिंतीवर ज्यांना जागा नव्हती, ते सारे इथे आले.

हा प्रवाह आजही वाहता आहे. चेन्नईच्या तारा बुक्सने रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे यांच्या चित्रांचे ‘डू!’ हे मुलांचे पुस्तक काढले आहे. गंजाडचे मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ नव्या पिढीचे. आणि राजेश वांगड यांचे काम तर मुद्दाम शोधून पाहावे. २०१३पासून गौरी गिल यांनी गंजाड परिसराची कृष्णधवल छायाचित्रे घेतली आणि त्यांवर वांगड यांनी शाईने रेखाटले. छायाचित्रात दिसते रिकामे माळरान, पाण्याचा काठ, पाठमोरा बसलेला माणूस. रेघांत दिसतात त्याच जागी पूर्वी उभी असलेली झाडे, देव, माणसे आणि तिथे घडलेल्या, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या गोष्टी.