डिफॉल्ट मांडणीतील बदल आणि जुन्या दस्तऐवजांचे संरक्षण : टेक व लाटेक या मुक्तस्रोत अक्षरजुळणी प्रणालींचा इतिहास

प्रास्ताविक

लेखकाने काहीही न सांगता संगणकीय आज्ञावली स्वतःहून जी मांडणी स्वीकारते, तिला डिफॉल्ट मांडणी म्हणतात. समास किती सोडावा, अक्षर किती मोठे असावे, ओळ कोठे तोडावी, आकृती कोणत्या पानावर जावी, याचा निर्णय बहुसंख्य लेखक स्वतः घेत नाहीत. तो आज्ञावलीच्या कर्त्यांनी घेतलेला असतो. पुढे त्या निर्णयात दोष आढळला आणि तो दुरुस्त केला, तर नव्या लेखकाचे काम सुधारते. परंतु त्याच निर्णयावर विसंबून सिद्ध झालेले हजारो जुने लेख पुन्हा जुळविताना बदलतात. एखादी ओळ पुढे सरकली तरी पृष्ठांक बदलतो आणि इतरांनी त्या पृष्ठाचे दिलेले संदर्भ निरुपयोगी ठरतात. गणित व भौतिकशास्त्रातील शोधनिबंधांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या टेक आणि लाटेक या प्रणालींच्या इतिहासात या पेचाची वेगवेगळी उत्तरे आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांचा परामर्श घेतला आहे.

नूथ यांची भूमिका : बदलच नको

डोनाल्ड नूथ यांच्या संगणकशास्त्रावरील ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रिते १९७७ मध्ये त्यांच्या हाती आली. त्यांतील अक्षरजुळणीचा दर्जा पाहून ते नाराज झाले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी टेक ही प्रणाली स्वतःच तयार करावयास घेतली. तिचा मूळ कार्यक्रम सर्वांना खुला होता. मात्र एक अट होती. कोणीही त्यात बदल करावा, पण बदललेल्या प्रणालीस ‘टेक’ हे नाव देऊ नये. १९९० मध्ये त्यांनी टेकचा विकास थांबल्याचे जाहीर केले. त्यानंतर केवळ चुकांची दुरुस्ती होते आणि दर दुरुस्तीगणिक आवृत्तीक्रमांकात ‘पाय’ या संख्येचा एकेक अंक वाढतो. २०२१ मध्ये हा क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या पश्चात तो ‘पाय’ हाच राहावा आणि उरलेल्या चुका गुणधर्म समजल्या जाव्यात, अशी नूथ यांची इच्छा आहे.

इतके कठोर धोरण असूनही त्यांना एक बदल करावाच लागला आणि तो ज्या रीतीने केला ती लक्षणीय आहे. टेकसोबत येणाऱ्या कॉम्प्युटर मॉडर्न या अक्षरसंचातील ग्रीक डेल्टा त्यांना कुरूप वाटत असे. १९९२ मध्ये त्यांनी तो व आणखी काही चिन्हे नव्याने रेखाटली. परंतु टेक ज्या मापांच्या आधारे ओळी जुळविते ती मापे तशीच ठेवली. त्यामुळे अक्षराचे रूप पालटले, तरी ओळ आणि पान जागचे हलले नाही.

लाटेकचा मार्ग : पहिल्या ओळीतील शब्द

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकच्या आधारे रचलेल्या लाटेकला ही स्थितिप्रियता परवडणारी नव्हती, कारण तिचा वापरकर्ता वर्ग वाढत होता व मागण्याही वाढत होत्या. १९८९ पासून फ्रँक मिटेलबाख, ख्रिस राउली, रायनर शॉफ आदींच्या गटाने तिची सूत्रे हाती घेतली. १९९४ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा जुन्या-नव्याची विभागणी एकाच शब्दावर करण्यात आली. जुना लेख ‘डॉक्युमेंटस्टाइल’ या आज्ञेने सुरू होई. नव्या लेखासाठी ‘डॉक्युमेंटक्लास’ ही आज्ञा ठरविण्यात आली. पहिली आज्ञा दिसताच प्रणाली जुन्या आवृत्तीशी सुसंगत अशा पद्धतीने काम करी. जुन्या लेखकाला आपल्या फाइलला हातही लावावा लागत नसे, हे या योजनेचे खरे यश होय.

त्यानंतरच्या दोन दशकांचा अनुभव मात्र तितकासा समाधानकारक नाही. मांडणी बदलू शकेल अशी दुरुस्ती गाभ्यात करावयाची नाही, असे धोरण ठरले. अशा दुरुस्त्या एका वेगळ्या जोडसंचात साठविल्या जात आणि ज्याला हव्या त्याने तो मागवून घ्यावा अशी व्यवस्था होती. उदाहरणार्थ, दोन स्तंभांच्या लेखात एका स्तंभाची दुसरी आकृती दोन्ही स्तंभ व्यापणाऱ्या पहिल्या आकृतीच्या आधी छापली जाण्याचा दोष सर्वज्ञात होता आणि त्याचा उपायही त्या जोडसंचात उपलब्ध होता. परंतु ज्याला दोष ठाऊक आहे त्यालाच उपाय ठाऊक असणार! नवशिक्या लेखकाच्या वाट्याला दोषच येत राहिला. जुन्यांच्या संरक्षणाची किंमत नव्यांनी मोजावी, असेच या व्यवस्थेचे स्वरूप होते.

परवान्यातही हीच चिंता उमटली. एकच फाइल सर्वत्र सारखीच छापली जावी म्हणून लाटेकच्या परवान्यात बदललेल्या फाइलचे नाव बदलण्याची सक्ती होती. डेबियन प्रकल्पातील मंडळींना ही सक्ती मुक्ततेच्या तत्त्वाविरुद्ध वाटली. दीर्घ चर्चेनंतर ती शिथिल झाली. बदललेल्या भागाने आपण मूळ नसल्याचे स्पष्ट सांगावे, एवढे पुरेसे ठरले.

२०१५ नंतर : दस्तऐवजाला जोडलेली तारीख

२०१५ मध्ये धोरण उलटले. साठलेल्या दुरुस्त्या गाभ्यात घेण्यात आल्या व नव्या लेखांना त्या आपोआप लागू झाल्या. ज्याला जुनी मांडणी हवी त्याने लेखाच्या आरंभी एक तारीख लिहावी. गाभा त्या तारखेला जसा होता तसा वागेल, अशी सोय झाली. १९९४ च्या योजनेत जुने व नवे असे दोनच कप्पे होते. येथे प्रत्येक आवृत्तीकडे परतता येते. मात्र १९९४ मध्ये जुनी फाइल न उघडता जे साधत होते, त्यासाठी आता ती उघडून एक ओळ लिहावी लागते. आर्काइव्हसारखे संग्रह १९९१ पासून लेखकांच्या मूळ टेक फाइली जतन करीत आले आहेत. त्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

२०१८ मध्ये याच रीतीने यूटीएफ-८ हे अक्षरसंकेतन डिफॉल्ट झाले. ज्या लेखांत जुने संकेतन स्पष्ट नोंदविले होते त्यांना बाधा आली नाही; ज्यांत काहीच नोंद नव्हती त्यांच्यासाठी एक आज्ञा पुरविण्यात आली. फ्रान्स वेल्टहाइस यांनी १९९१ मध्ये ग्रोनिंगेन येथे टेकसाठी केलेल्या देवनागरी योजनेतील मजकुरावर याचा परिणाम झाला नाही, कारण त्या योजनेत देवनागरी मजकूर साध्या रोमन अक्षरांतच लिहिला जातो आणि ती अक्षरे दोन्ही संकेतनांत सारखीच आहेत.

काही डिफॉल्टांना मात्र अद्याप कोणी हात लावलेला नाही. लाटेकच्या प्रमाण लेखप्रकारांत कागदाचा आकार आजही अमेरिकी लेटर हाच गृहीत धरला जातो आणि भारतातील लेखक पहिल्या ओळीत ‘ए-फोर’ असे स्वतः लिहितो.