लाटण्याचा न्याय

भिवंडी तालुक्यांतील अकलोली हें गांव उष्ण पाण्याच्या कुंडांसाठीं प्रसिद्ध आहे. वज्रेश्वरीच्या दर्शनास जाणारीं माणसें वाट वाकडी करून तेथें स्नान करितात आणि सांधेदुखी कुंडांत सोडून आल्याचें समाधान घेऊन परततात. जवळून वाहणाऱ्या तानसा नदीकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. वस्तुतः मुंबईच्या इतिहासांत या नदीचा वाटा कुंडांहून पुष्कळ मोठा आहे. वरच्या अंगाला धरण बांधून ती १८९२ मध्यें अडविण्यांत आली, आणि तेव्हांपासून तिचें पाणी नळांतून मुंबईस जात आलें आहे. परंतु पाणी मुंबईस पोंचलें म्हणजे तें मुंबईंतील प्रत्येक घरीं पोंचलें असें कोठें आहे? गोरेगांवसारख्या उपनगरांत बायका रिकामे हंडे घेऊन ताटकळत. तेच रिकामे हंडे मिरवीत श्रीमती मृणाल गोरे यांनीं मोर्चे काढले. १९६१ मध्यें त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या, आणि 'पाणीवाली बाई' हें नांव त्यांना जन्माचें चिकटलें. हंड्यानें जें काम आरंभिलें, तें पुढें दहा-अकरा वर्षांनीं लाटण्याकडे आलें.

लाटणें हें मराठी विनोदाचें जुनें भांडवल होय. उशिरां घरीं परतणारा नवरा, दाराआड दबा धरून उभी असलेली धिप्पाड गृहिणी आणि तिच्या हातीं उगारलेलें लाटणें, हें चित्र दिवाळी अंकांच्या वाचकांनीं इतक्या वेळां पाहिलें आहे कीं, चित्रकारानें नुसतें लाटणें काढलें तरी हंसूं यावें. हंसावयाचें कोणाला, हा प्रश्न त्या चित्रांत कोणी विचारीत नसे. १९७२ सालीं तो मुंबईच्या बायकांनीं विचारला.

त्या वर्षीं महाराष्ट्रांत भयंकर दुष्काळ पडला. धान्य महागलें, तेल, साखर, घासलेट या जिनसांसाठीं दुकानांपुढें रांगा लागूं लागल्या. १९७३ च्या अखेरीस जगभर खनिज तेलाचे भाव भडकले आणि आगींत तेल पडलें. (ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरावी, हा एक दैवाचाच विनोद.) अशा वेळीं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिति स्थापन झाली. तिच्या पुढारी कांहीं पोरसवदा मुली नव्हत्या. त्याच वर्षीं विधानसभेवर निवडून गेलेल्या मृणाल गोरे ४४ वर्षांच्या, श्रीमती प्रमिला दंडवते तेवढ्याच वयाच्या, आणि श्रीमती अहिल्या रांगणेकर यांनीं पन्नाशी गांठलेली. ज्या वयांत बाईनें सुनेला रागें भरावें, नातवंडांचे लाड करावे आणि गुडघ्यांना तेल चोळावें अशी समाजाची अपेक्षा, त्या वयांत या मैत्रिणी हातीं लाटणें घेऊन रस्त्यावर उतरल्या. मागें हजारों गृहिणी होत्या. एका हातांत ताट, दुसऱ्या हातांत लाटणें, आणि दोहोंचा मिळून असा कांहीं गजर कीं, सचिवालयांतील साहेबांना हातांतील कागद खालीं ठेवावा लागे. मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना घेराव पडले. साठेबाजांना त्यांच्या दारांत जाऊन जाब विचारण्यांत आला. घरोघर ताटें वाजविण्याचाहि उपक्रम झाला.

पोलिसांची मोठी पंचाईत झाली असली पाहिजे. लाटणें हें शस्त्र म्हणावें तर घरोघरचें स्वयंपाकघर शस्त्रागार ठरतें, आणि तें शस्त्र जप्त करावें तर शिपायाच्या स्वतःच्या घरीं रात्रीं पोळी कोण लाटणार? लोक हंसले, परंतु या वेळीं हंसूं सरकारच्या वाट्याला आलें होतें.

ही कल्पना रंगभूमीस मात्र फार जुनी आहे. ग्रीक नाटककार ॲरिस्टॉफेनीस यानें इ. स. पूर्व ४११ मध्यें 'लायसिस्ट्राटा' नांवाचा प्रहसनात्मक खेळ लिहिला. अथेन्स आणि स्पार्टा यांचें युद्ध वीस वर्षें चालूनहि संपेना, तेव्हां लायसिस्ट्राटा दोन्हीकडील स्त्रियांना एकत्र बोलावून त्यांच्याकडून एक व्रत घेवविते. त्या व्रताचा तपशील घरच्या मंडळींत सांगण्याजोगा नाहीं. तिकडे वृद्ध स्त्रिया गडावरील खजिना ताब्यांत घेतात. म्हातारे पुरुष मशाली घेऊन चालून येतात, तों या आजीबाई घागरीच त्यांच्या डोक्यावर रित्या करितात. खजिना मागण्यास आलेल्या अधिकाऱ्याचें स्वागत भाजीवाल्या आणि लसूणवाल्या करितात, आणि शेवटीं त्याच्याच डोक्यावर बायकी पदर घालून त्याच्यापुढें लोंकरीची टोपली ठेवण्यांत येते. या खेळांतील खरी कळीची गोष्ट घागरींत नाहीं, ती स्पार्टाहून आलेल्या लॅम्पिटोच्या हजेरींत आहे. शत्रूच्या गांवची बाई बैठकीस आली, म्हणून कट जमला.

मुंबईची गोष्टहि तशीच. मृणालताई राष्ट्र सेवा दलांत वाढलेल्या, वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी झालेल्या. अहिल्याताई कम्युनिस्ट, पुढाऱ्यांपैकीं बी. टी. रणदिवे यांची धाकटी बहीण. १९४२ च्या लढ्यांत कम्युनिस्ट पक्ष बाहेर राहिला, हें समाजवाद्यांनीं कधीं विसरूं दिलें नाहीं. त्यांतच १९६४ मध्यें कम्युनिस्ट पक्ष दुभंगला आणि एका घरच्या दोन चुली झाल्या. श्रीमती तारा रेड्डी दुसऱ्या चुलीपाशीं होत्या. या पक्षांतील पुरुष एकमेकांच्या ठरावांतील स्वल्पविरामावरून रात्र रात्र भांडत असतां, बायकांनीं घासलेटच्या डब्यावर एकमत केलें. लाटण्याला पक्षाची निशाणी नव्हती, याचा या कामीं मोठा उपयोग झाला.

पण चळवळीचें माप भलतेंच फुगवूं नये. मोर्चानें पाऊस पडत नाहीं, आणि जागतिक तेलाचा भाव परळच्या चाळींत ठरत नाहीं. शिवाय हा गजर मुख्यतः शहराचा होता. त्याच काळीं खेड्यापाड्यांतील लाखों बाया दुष्काळी कामांवर खडी फोडीत होत्या. लाटण्याखालीं घालावयास पीठच नाहीं, असा त्यांचा प्रश्न होता. तो या मोर्च्यांत पुरता मावला असें म्हणतां येत नाहीं. तरी आवाज दूरवर गेला खरा. १९७४ च्या आरंभीं गुजरातेंत महागाईविरुद्ध नवनिर्माण आंदोलन पेटलें, तेव्हां तेथेंहि ताटें वाजलीं, आणि फेब्रुवारींत चिमणभाई पटेल यांचें मंत्रिमंडळ पायउतार झालें. पुढें १९९६ मध्यें नंदिता गांधी यांनीं महाराष्ट्रांतील या चळवळीवर इंग्रजींत सबंध ग्रंथ लिहिला. त्याच्या नांवांतहि लाटणीं आहेत.

जून १९७५ मध्यें आणीबाणी आली आणि हंसूं थांबलें. मृणालताई कांहीं महिने भूमिगत राहून मग पकडल्या गेल्या. अहिल्याताई आणि प्रमिलाताई यांनाहि तुरुंगवास घडला. १९७७ च्या निवडणुकींत मृणालताई आणि अहिल्याताई दोघीहि मुंबईंतून लोकसभेवर निवडून आल्या, आणि श्रीमती इंदिरा गांधी रायबरेलींत हरल्या. त्या वेळीं मुंबईकरांच्या तोंडीं एक घोषणा झाली: पाणीवाली बाई दिल्लींत, दिल्लीवाली बाई पाण्यांत. तीन वर्षांनीं अहिल्याताईंचाच उत्तर-मध्य मुंबई मतदारसंघ प्रमिलाताईंकडे आला.