तळटीप : लोहाऱ्याचे लोखंड

* ग्रंथकर्त्याने चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याचे लोखंड एकाच जातीचे मानले आहे. ते सर्वस्वी ग्राह्य नाही. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या आगेमागे, वातावरणात प्राणवायू अत्यल्प असताना, समुद्रजलात विरघळलेले लोह ऑक्सिडीकृत होऊन सिलिकेच्या थरांशी आळीपाळीने तळाशी बसत गेले; त्या गाळातील पाणी निघून जाऊन हेमॅटाइट झाले, आणि जेथे सेंद्रिय कार्बनाने त्याचे अंशतः क्षपण केले तेथे मॅग्नेटाइट. अशा पट्टेदार शैलांची ही केवळ पहिली अवस्था. पुढे झिरपत्या पाण्याने मॅग्नेटाइटाचेही हेमॅटाइट होते, परंतु स्फटिकाची अष्टफलक आकृती तशीच राहते. वाडा जुन्या धन्याचा, वहिवाट मात्र नव्याची. ह्यास मार्टाइट म्हणतात. डोळा फसतो, पण लोहचुंबक त्यास जेमतेम ओढतो, आणि बिनझिलईच्या चिनी मातीवर काळीऐवजी तांबडी रेघ उमटते. सिलिका धुपून गेली, की शेकडा तीसच्या आसपासचे लोह साठावर जाते.

श्वार्ट्झ ह्या जर्मन तज्ज्ञाच्या १८८२ च्या अहवालामुळे जमशेदजी टाटा लोहाऱ्याकडे वळले होते. तेथे लोखंडाचा कारखाना काढण्याचा बेत सोडल्याचे कळविण्यास नागपूरच्या सचिवालयात आलेले त्यांचे पुत्र दोराबजी ह्यांना समोरच्या संग्रहालयातील नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाच्या खुणा दिसल्या, हा वृत्तांत प्रसिद्धच आहे. लोहारा मागे पडला तो खनिजाच्या हिणकसपणामुळे नव्हे. साठा मर्यादित होता, आणि वरोऱ्याचा कोळसा कोक करण्याच्या कामाचा नव्हता.

— संपादक, धरमपेठ, नागपूर