मेल फॉरवर्डिंग व मेल-प्रत (छोट्या कार्यालयातील)

एका पत्त्यावर आलेला ई-मेल सर्व्हरने आपणहून दुसऱ्या पत्त्यावर रवाना करणे म्हणजे फॉरवर्डिंग. तो मूळ पेटीत राहून आणखी कोणाकडे गेला, तर ती मेल-प्रत होय.

इतिहास : छोट्या कार्यालयाला अशा सोयी सहज करता याव्यात, यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९९ साली ई-स्मिथ सर्व्हर सुरू झाला. साध्या संगणकावर बसणारी ही लिनक्स प्रणाली ब्राउझरमधून चालवता येई. २००१ साली माइटेल या कंपनीने ई-स्मिथ कंपनी विकत घेतली. पुढे ही प्रणाली एसएमई सर्व्हर या नावाने रूढ झाली आणि आज कूझाली या नावाखाली स्वयंसेवक ती सांभाळतात.

मांडणी : सर्व्हर-मॅनेजर या पॅनेलमध्ये प्रत्येक खात्याला तीन पर्याय असतात : मेल इथेच ठेवा, पुढे पाठवा, किंवा दोन्ही करा. ‘चौकशी’ किंवा ‘हिशेब’ अशा कामाच्या पत्त्यांसाठी टोपणनाव तयार करून ते एखाद्या व्यक्तीला किंवा गटाला जोडतात. माणूस बदलला तर जोडणी बदलायची; ग्राहकाकडचा पत्ता तोच राहतो.

हे काम मुळात क्यूमेल हा डॅनियल बर्नस्टाइन यांचा प्रोग्राम करतो. त्याच्या डॉट-क्यूमेल फाइलमध्ये ‘&’ चिन्हापुढे पत्ता लिहिला की मेल तिकडे जातो; दुसऱ्या ओळीत स्थानिक मेल-फोल्डरचा मार्ग दिला की इथेही उरतो. ही दुसरी ओळ राहून गेली, तर कार्यालयाकडे काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून ‘दोन्ही’ हाच पर्याय सुरक्षित. साऱ्या कार्यालयाच्या मेलची प्रत एका वेगळ्या खात्यात साठवण्याचीही सोय आहे. ते खाते वेळोवेळी रिकामे न केल्यास डिस्क भरते.

अडचणी : अ-ने ब-कडे आणि ब-ने पुन्हा अ-कडे मेल वळवल्यास फेरा तयार होतो. क्यूमेल प्रत्येक पोचीची नोंद मेलच्या शीर्षभागात करतो आणि तीच नोंद पुन्हा दिसली की मेल परत पाठवतो. दुसरी अडचण एसपीएफ तपासणीची, म्हणजे प्रेषकाच्या डोमेनने मान्य केलेल्या सर्व्हरवरूनच मेल आला का हे पाहण्याची. पुढे पाठवलेला मेल मूळ प्रेषकाच्या नावाने, पण आपल्या सर्व्हरवरून निघतो. त्यामुळे घेणारा सर्व्हर तो बनावट समजून नाकारू शकतो. एसआरएस पद्धतीत पाकिटावरचा प्रेषक बदलून हा अडथळा दूर करतात. मजकुराला हात लावला नाही, तर मेल अस्सल असल्याचे दाखवणारी डीकिम ही डिजिटल स्वाक्षरी सहसा टिकते.

जबाबदारी : ग्राहकांच्या खासगी माहितीला कॅनडात २००० सालच्या पिपेडा कायद्याचे संरक्षण आहे, काही प्रांतांचे स्वतःचे कायदे आहेत. ऑन्टारियोत २०२२ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे धोरण लेखी द्यावे लागते. कार्यालय याहून लहान असले, तरी कोणाच्या मेलची प्रत कोणाकडे जाते हे कर्मचाऱ्यांना आधी सांगावे. नोकरी सोडून गेलेल्याच्या खासगी पत्त्याकडे जाणारे फॉरवर्डिंग त्याच दिवशी बंद करावे. नाहीतर ग्राहकांची पत्रे गुपचूप बाहेर जात राहतात.