आधी नळ बघा, मग घर

स्मरणिका समितीने 'सोसायटीचा इतिहास' हा विषय माझ्यावर सोपवला. कारण उघड आहे. पहिली पाच वर्षे मी सेक्रेटरी होतो आणि जुन्या फायली अजून आमच्याच माळ्यावर आहेत. फायली खाली काढल्या, धूळ झटकली आणि वाचायला बसलो. सन २००० चे नोंदणीचे कागद, कन्व्हेयन्सचा पत्रव्यवहार, बोअरवेलची कोटेशन्स, लिफ्टच्या तक्रारी. दोन तासांनी सौ. म्हणाली, "अहो, हे कोण वाचणार?" तिचे बरोबर होते.

म्हणून मी इतिहास थोडा मागून सुरू करतो. आपले बहुतेक संस्थापक सभासद मूळचे पुण्याचे नव्हेत. कुणी साताऱ्याचे, कुणी जळगावचे, कुणी कोकणातले, आम्ही परभणीचे. या इमारतीत येण्याआधी जवळजवळ सगळेच कुठे ना कुठे भाड्याने राहिले होते. म्हणजे सोसायटीचा पहिला अध्याय भाड्याच्या खोल्यांत घडला आहे, आणि फायलीत त्याचा एकही कागद नाही.

माझी बदली १९८४ साली पुण्याला झाली. वय चौतीस, घरी पत्नी, सहा वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी. शाखा लक्ष्मी रोडच्या परिसरात. कुटुंबाला परभणीलाच ठेवून मी आधी एकटा आलो, नारायण पेठेत एका लॉजमध्ये कॉट घेतली, दोन वेळा खाणावळ. आता घर कुठे शोधायचे? पुण्यात माझे ओळखीचे कोणी नव्हते. शाखेतले हेडकॅशिअर कसबा पेठेतले, सात पिढ्यांचे पुणेकर. त्यांनी मला दुपारच्या चहाला जो सल्ला दिला तो अजून शब्दशः आठवतो. "साहेब, घर नंतर बघा. आधी नळ बघा. पहाटे सहाला जा, पाणी किती जोरात येतं आणि किती वेळ येतं ते बघा. साडेनवाला त्याच भागातल्या बसस्टॉपवर उभे राहा. आणि रात्री नवानंतर पुन्हा एक चक्कर मारा. चौकशी एजंटाकडे करू नका, वाण्याकडे करा. तो उधारी देतो, त्याला सगळ्यांची माहिती असते."

पुढे वाचन झाल्यावर लक्षात आले की हेडकॅशिअरसाहेबांचा सल्ला चांगला अडीचशे वर्षांचा होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळाने शहरात आणले गेले आणि ते जागोजागच्या हौदांत पडत असे. काळा हौद, बदामी हौद ही नावे त्यातूनच राहिली. पेठा वसल्या, वाढल्या, त्यामागे हे पाणी होते. पुण्यात घर बघणारा माणूस तेव्हापासून पाणी बघतो आहे.

पेठांत मी महिनाभर फिरलो. मोठमोठे वाडे, एकेका वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडे, दोन खोल्या, सामाईक संडास. पण रिकामी खोली म्हणून नाही. असली तरी "द्यायची नाही" हे उत्तर. तेव्हा राग यायचा. कारण नंतर समजले. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ सालचा. त्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. युद्धानंतर जागांची टंचाई होती, भाडेकरूला रस्त्यावर काढू नये हा हेतू चांगलाच होता. पण भाडे तेच राहिले आणि वीट, चुना, गवंड्याची मजुरी वाढत गेली. मालकाने डागडुजी सोडली, वाडे खचू लागले. नवा भाडेकरू घेतला तर तो पगडी देऊनच यायचा. मग पळवाट म्हणून लीव्ह अँड लायसेन्स, म्हणजे "भाडेकरू नव्हे, परवानाधारक" असा करार सुरू झाला. त्यावर १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे चालू करारावर जागेत राहत होते ते सगळे कायद्याने भाडेकरू ठरले. घरमालकांनी या तारखेचा असा धसका घेतला की पुढची पंचवीस वर्षे कुलूप लावलेली घरे पुण्या-मुंबईत जागोजाग दिसत. अकरा महिन्यांचा करार करून देणारा मालकही दहाव्या महिन्यापासून अस्वस्थ व्हायचा.

आम्हा बँकवाल्यांना एक सोय होती. ऑफिसरसाठी बँक स्वतःच्या नावाने घर लीजवर घेत असे. भाडे बँकेकडून वेळेवर मिळणार म्हणून काही मालक तयार व्हायचे. पण भाड्याला ग्रेडप्रमाणे मर्यादा. त्या मर्यादेत पेठेत काही बसेना. शेवटी मी हेडकॅशिअरसाहेबांचा सल्ला बाजूला ठेवला आणि शहराच्या हद्दीबाहेरच्या एका गावात, नव्या इमारतीत, ऐसपैस तीन खोल्या घेतल्या. रविवारी दुपारी बारा वाजता जागा पाहिली. हवा छान, समोर शेत, भाडे कमी. पहाटे गेलो नाही, रात्री गेलो नाही.

त्याची किंमत घरच्यांनी मोजली. पाणी विहिरीवरून, मोटार बंद पडली की दोन-दोन दिवस नाही. मुलाची शाळा दोन बस बदलून. मी सकाळी साडेआठला बाहेर पडायचो तो रात्री आठला घरी. दिवसभर सौ. दोन मुलांना घेऊन एकटी. इमारतीतली निम्मी घरे कुलूपबंद, बोलायलाही कोणी नाही. ऑगस्टमधल्या एका रात्री मुलीला सणसणून ताप भरला. लाईट गेलेली, शेवटची बस निघून गेलेली, त्या रस्त्याला रिक्षा यायची नाही. पलीकडच्या वस्तीतल्या दूधवाल्याचे दार ठोठावले. त्या भल्या माणसाने राजदूत काढली, मी मुलीला छातीशी धरून मागे बसलो, आणि स्वारगेटजवळ एका डॉक्टरांना उठवले. मुलगी बरी झाली. पण घरी परतल्यावर सौ. एवढेच म्हणाली, "तुम्ही भाडं बघितलंत. माणसं बघायला विसरलात." एक्केचाळीस वर्षे झाली, या वाक्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पुढे १९९७ साली आजूबाजूची अनेक गावे महापालिकेत आली, रस्ते झाले, बसगाड्या वाढल्या. आज ते गाव ओळखू येत नाही. पण मुलाची शाळा १९९७ पर्यंत थांबणारी नव्हती. १९८६ साली आम्ही सहकारनगरला आलो, आणि या वेळी मात्र मी पहाटे सहाला जाऊन नळ बघितला.

सहकारनगरचा इतिहास आजच्या मुलांना ठाऊक नसेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि नदीकाठच्या पेठांत घरेच्या घरे वाहून गेली. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला नव्या वसाहती उभ्या राहिल्या, सहकारी गृहरचना संस्था झाल्या. गोखलेनगर, सहकारनगर हे भाग अशा पुनर्वसनातून वाढले. आमच्या मालकीणबाई त्यांतल्याच, मूळच्या नारायण पेठेच्या. बैठे घर, वर नंतर बांधलेल्या दोन खोल्या. मी बँकेचे पत्र पुढे केले. त्यांनी ते उघडलेही नाही. विचारले, "मुलं किती? पाणी वर चढवावं लागेल, चालेल का?" झाले. शेजाऱ्यांनी त्यांना कायद्याची भीती घातली होती, ती मलाही कळली होती. न राहवून एकदा मी विचारले, "काकू, तुम्हाला माझी भीती नाही वाटली?" त्या म्हणाल्या, "पुरात आमची भांडीसुद्धा राहिली नाहीत. आठ महिने आम्हाला एका अनोळखी घराने ठेवून घेतलं. त्यांनी कुठे कागद बघितला होता?"

त्या दोन खोल्यांत आम्ही सात वर्षे राहिलो. मुले त्यांना आजी म्हणत. मग पुन्हा बदल्या, नाशिक, अकोला, आणि शेवटी २००० साली ही इमारत, स्वतःचे घर. त्याच वर्षी, ३१ मार्च २००० पासून, नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची, असे ठरले. परवानाधारकाने मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर काय, याचीही वाट आखली गेली. मालकांची भीती हळूहळू गेली, कुलपे निघाली, आणि आपल्या इमारतीतही भाडेकरू येऊ लागले.

आता जे लिहितो ते फायलीत आहे, पण एका ओळीत. २००३ च्या इतिवृत्तात ठराव आहे की सदनिका 'फक्त कुटुंबाला' भाड्याने द्यावी. सूचक म्हणून माझे नाव आहे. भाड्याने दिलेल्या सदनिकांवर आपण बिनभोगवटा शुल्कही भरमसाट घेत होतो. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. हिशेब तपासनिसांनी दाखवल्यावर आम्ही दुरुस्ती केली. मी बँकेत आयुष्यभर परिपत्रके वाचली आणि हे एक वाचले नाही, की वाचून विसरलो, देव जाणे.

ठरावानंतर महिनाभरात एक मुलगा आला. नांदेडचा, नुकताच नोकरीला लागलेला, हातात प्लास्टिकची फाईल. आपल्या एका सभासदाने त्याला घर द्यायचे कबूल केले होते. मी गेटवरच ठराव सांगितला. तो म्हणाला, "काका, मी सकाळी सातला जातो, रात्री नऊला येतो. माझा काही त्रास होणार नाही." मी म्हणालो, नियम आहे. त्याने विचारले, "मग कुठं बघू? मला इथलं काही माहीत नाही." मी हात वर करून रस्त्याच्या पलीकडे कुठेतरी दाखवले. पाणी कुठे चांगले, बस कुठून सुटते, कोणत्या वाण्याला विचारावे, यातले मला सगळे ठाऊक होते. त्यातले एक अक्षर मी बोललो नाही. पावसाची भुरभुर होती. तो फाईल शर्टाखाली धरून गेला.

सहकारनगरच्या काकू तोवर वारल्या होत्या. त्यांना हे सांगावे लागले नाही एवढेच.

मंडळी, आज वनाजपर्यंत मेट्रो आली आहे, करार घरबसल्या ऑनलाईन नोंदवता येतो, घर मोबाईलवर दिसते. पण नव्या गावात उतरलेल्या माणसाला रविवारी दुपारी बाराची जागाच मोबाईल दाखवतो. पहाटेचा नळ आणि रात्रीची गल्ली तिथे राहणाराच सांगू शकतो. आपल्याच घरातली मुले आज बंगळुरू, हैदराबाद, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला नाही तर परदेशात भाड्याने राहत आहेत. त्यांच्या गेटवर कोणीतरी काका उभे असणारच.

तो ठराव अजून रद्द झालेला नाही. या वर्षीच्या वार्षिक सभेत तो रद्द करावा अशी सूचना मी लेखी दिली आहे. करार नोंदलेला असावा, पोलिसांकडे माहिती दिलेली असावी, गोंगाट नसावा, हे नियम सर्वांना सारखे असावेत. सोबत एक पान छापून गेटवर ठेवावे असेही सुचवले आहे: पाण्याची वेळ, बसचे नंबर, रात्री उठणारे डॉक्टर, कचऱ्याचे वार. मजकूर मी लिहून ठेवला आहे. पाण्याची वेळ तेवढी चेअरमनसाहेबांनी तपासून घ्यावी, हल्ली माझी पहाटेची झोप मोडत नाही.

रौप्यमहोत्सवाच्या सर्व सभासदांना, त्यांच्या कुटुंबीयांना, आणि आपल्याकडे भाड्याने राहणाऱ्या सर्व शेजाऱ्यांना मनापासून शुभेच्छा.