शिकाऊ म्हणून गेलेल्या शिकलेल्या बाया



आनंदीबाई जोशींची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकल्या, १८८६ साली पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली होती, पण दुखणं सोबत घेऊनच त्या आल्या आणि १८८७ मध्ये गेल्या. त्या काळी परदेशी शिकायला जायचं तर पैसा लागे, ओळख लागे, जिद्द लागे. व्हिसा नावाचा कागद लागत नसे.

आज आम्ही सांगणार आहोत ती त्या कागदाची गोष्ट. आनंदीबाईंनंतर साठेक वर्षांनी अमेरिकेने ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ या नावाचा परवाना काढला. तुम्ही या, आमच्याकडे काम शिका, आमची रीतभात बघा आणि परत जा, असा त्याचा अर्थ. त्या परवान्यावर हजारोंनी गेल्या त्या फिलिपिन्स देशातल्या नर्सबाया. आपल्यापासून लांबचा, बेटांचा देश. पण त्या बायांवर जे गुजरलं ते ऐकताना तुम्हाला ते फार लांबचं वाटणार नाही.

फिलिपिन्सवर १८९८ पासून अमेरिकेचं राज्य होतं. १९४६ साली देश स्वतंत्र झाला. मधल्या काळात अमेरिकनांनी तिथे नर्सिंगच्या शाळा काढल्या. इलोइलो गावच्या मिशन हॉस्पिटलातली शाळा १९०६ सालची. शिकवणं इंग्रजीत, पुस्तकं अमेरिकेची, वॉर्डातली शिस्तही अमेरिकेची. सुरुवातीला आईबाप मुलींना पाठवायला तयार नसत. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, त्याची घाण काढायची, हे चांगल्या घरच्या मुलीचं काम नव्हे, असं म्हणत. (आपल्याकडेही हेच बोललं गेलं. अजूनही कुठे कुठे लग्न ठरवताना बोललं जातं.) पण चाळीसेक वर्षांत चित्र पालटलं. नर्स झालेली मुलगी घराचा अभिमान ठरू लागली.

आता अमेरिकेकडे बघू. दुसरं महायुद्ध संपलं, दवाखाने वाढले, खाटा वाढल्या आणि नर्स मिळेनात. कारण साधं होतं. पगार कमी, राबणूक जास्त, म्हणून तिथल्या बायका हे काम सोडून जात होत्या. पगार वाढवणं हा एक उपाय होता. बाहेरून बाया आणणं हा दुसरा. पण बाहेरच्यांना दार जवळजवळ बंद होतं. १९४६ च्या कायद्याने वर्षाला फक्त १०० फिलिपिनो आणि १०० भारतीय माणसांना कायमचं राहायला येण्याची मुभा होती. आपण आणि ते, एकाच मापाने मोजलेले!

मग १९४८ साली अमेरिकेने देवाणघेवाणीचा कायदा केला. तो नर्ससाठी केलेला नव्हता. रशियाशी चढाओढ सुरू होती. जगभरच्या लोकांनी अमेरिका डोळ्यांनी पाहावी आणि घरी जाऊन चांगलं सांगावं, हा हेतू. पण दवाखान्यांना त्यात आपली सोय दिसली. अमेरिकन नर्सेस असोसिएशन आणि दवाखाने यजमान संस्था म्हणून पुढे आले. नर्सने जास्तीत जास्त दोन वर्षं राहायचं, काम करायचं, शिकायचं, आणि दर महिन्याला विद्यावेतन घ्यायचं.

खरी मेख या ‘विद्यावेतना’त होती. या बाया शिकाऊ नव्हत्या. आपल्या देशात पूर्ण शिकून, परीक्षा देऊन, नर्स म्हणून नोंद झालेल्या होत्या. अनेक दवाखान्यांनी त्यांच्याकडून पुऱ्या नर्सचं काम घेतलं: वॉर्ड सांभाळा, औषधं द्या, रातपाळ्या करा. हातात मात्र पगार नव्हे, विद्यावेतन ठेवलं. काहींना उलट अनुभव आला. शिकलेल्या नर्सला आयाचं काम दिलं, म्हणजे खाटा आवरा, भांडी धुवा. ज्या शिकवणीसाठी बोलावलं ती काही ठिकाणी कागदावरच राहिली. आणि राहण्याचा कागद त्या यजमान संस्थेशी बांधलेला असल्यामुळे तक्रार करायची ती कुणाकडे? काम नकोसं झालं म्हणून दुसऱ्या दारी जाणं सोपं नव्हतं. साठच्या दशकात या तक्रारी फिलिपिन्स सरकारपर्यंतही पोचल्या.

तरी बाया जातच राहिल्या. १९५६ ते १९६९ या काळात ११,००० हून जास्त फिलिपिनो नर्स या वाटेने गेल्या. त्या फसून गेल्या, असं म्हणणं आम्हाला पटत नाही. विद्यावेतन अमेरिकेत कमी असलं तरी घरी पाठवताना डॉलरचे पेसो पुष्कळ होत. धाकट्या भावंडांची फी त्यातून निघे. काही दवाखान्यांत शिक्षण खरोखर चांगलं होतं. ऑपरेशनच्या खोलीतलं काम, लहान मुलांची शुश्रूषा अशा खास शाखा शिकायला मिळत. शिवाय आपली खोली, आपली कमाई, सुटीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर न्यूयॉर्क पाहणं, पहिल्यांदा बर्फ हातात घेणं! वीस-बावीस वर्षांच्या मुलीला याची ओढ वाटली तर त्यात नवल काय?

ती ओढ प्रवास कंपन्यांनी बरोबर हेरली. ‘आत्ता उडा, पैसे मागाहून द्या’ अशी जाहिरात त्यांनी केली. विमानाचं भाडं उधारीवर, फेड तिथल्या कमाईतून. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायांना हा प्रकार समजावून सांगायला नको. मुकादमाची उचल आणि ही उधारी सारखीच. उचल अंगावर असली की काम कसंही असो, मध्येच सोडून येता येत नाही.

परतीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. १९५६ साली अमेरिकेने नियम केला की देवाणघेवाणीवर आलेल्याने काम संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिलंच पाहिजे, त्याशिवाय कायमचं राहायला येता येणार नाही. हेतू चांगला होता. शिकलेलं ज्ञान पाठवणाऱ्या देशाला मिळावं. पण घरी परतलेल्या नर्सला मान मिळाला तरी पगार तोच तुटपुंजा. जे यंत्र वापरायला ती शिकली ते गावच्या दवाखान्यात नव्हतंच. मग कुणी कॅनडाची वाट धरली, कुणी लग्न करून राहिली, कुणासाठी दवाखान्यानेच सूट मागितली. फिलिपिन्सचे अधिकारी या बायांना देशाचं भान नाही म्हणून दटावत. पगाराचं काय, यावर मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

१९६५ साली अमेरिकेने देशवार मोजमापाचा कायदा मोडीत काढला आणि शिकलेल्या माणसांना कायमचं राहायला येण्याचं दार उघडलं. नर्सबायांनी देवाणघेवाणीची वाट हळूहळू सोडली. त्या आता ‘पाहुण्या’ नव्हे, नोकरदार म्हणून जाऊ लागल्या. १९७४ च्या कामगार कायद्याने तर फिलिपिन्स सरकारनेच परदेशी कामाला माणसं पाठवण्याची व्यवस्था उभी केली.

परवाना मात्र संपला नाही. १९६१ च्या कायद्याने त्याला नवं रूप मिळालं आणि तो आज जे-१ व्हिसा म्हणून ओळखला जातो. आपल्या देशातले, महाराष्ट्रातलेही, कितीतरी डॉक्टर पुढच्या प्रशिक्षणासाठी त्याच्यावर जातात. त्यांनाही दोन वर्षांचा नियम लागू आहे. पण १९९४ पासून एक सवलत आहे. अमेरिकेत जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं सेवा केली, तर मायदेशी परतण्याची अट माफ होते. अशा भागांत खेडी पुष्कळ. म्हणजे तिथल्या खेड्याला डॉक्टर हवा म्हणून ही सूट. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली रिकामी खुर्ची या हिशेबात येत नाही.

याच व्हिसावर १९८६ पासून परदेशी मुली अमेरिकन घरांत मुलं सांभाळायलाही जातात. आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम, आणि पुष्कळ वर्षं त्याचा किमान मोबदला १९५ डॉलर ७५ सेंट, म्हणजे तासाला साडेचार डॉलरही नाहीत. इथेही शब्द ‘देवाणघेवाण’ हाच. २०१४ साली या मुलींच्या वतीने कोलोरॅडोच्या न्यायालयात दावा गुदरला गेला. २०१९ मध्ये त्यांना पाठवणाऱ्या संस्थांनी तडजोड केली आणि ६ कोटी ५५ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

आपल्या गटातल्या कुणाची मुलगी किंवा सून अशा परवान्यावर निघाली असेल, तर तिच्या हाती एक फॉर्म येतो. यजमान संस्था कोण, कोणत्या वर्गात जाते, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, खर्चाला पैसे किती आणि कोण देणार, हे त्यात लिहिलेलं असतं. घरी बसून, मोठ्याने वाचून, तो समजून घ्या. शिवाय २००८ च्या कायद्यामुळे अशा कामाला जाणाऱ्यांना अमेरिकेच्या वकिलातीने हक्कांची माहितीपुस्तिका द्यायची असते. नाही दिली तर मागून घ्यावी. पासपोर्ट तिचा तिच्याजवळच राहील, मालकाला तो काढून घेता येणार नाही, हेही त्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे.